वरच्या ओठाखालची दोरी

तळपायाला टिचकी मारली तरी नातीने पाय ओढून घेतला नाही. दुसरी जरा जोरात मारली. तोंड वाकडं झालं, आवाज निघाला नाही. बारा दिवसांची होती. सकाळपासून डायपर कोरडा होता आणि टाळू आत गेली होती. असं निपचित पडलेलं मूल मी आधी एकदा पाहिलं होतं. माझी पहिली मुलगी. ती सतरा दिवसांची होऊन गेली.

"गाडी काढ," मी मुलाला म्हटलं.

"आई, तीन वाजताची अपॉइंटमेंट आहे ना."

"तीनपर्यंत ती राहायची नाही."

सुनेसमोर असं बोलायला नको होतं. पण त्यामुळेच गाडी निघाली. बाहेर बर्फ साचलं होतं. मी मोज्यांवर चपला घालून तशीच बसले.

हॉस्पिटलात हाताला शीर मिळेना, म्हणून डोक्याच्या शिरेत सुई लावून पाणी चढवलं. संध्याकाळी पोरगी रडली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. जन्मली तेव्हापेक्षा वजन घटलंय. दूध पोटात जातच नाहीये.

ते बारा दिवस मी काय करत होते, तेही सांगते. सुनेला बोलत होते. बाळंतपण करायला म्हणून मी अमेरिकेत, नोव्हायला आले होते, बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा घेऊन. "लाडू अर्धा टाकलास. मग दूध कुठून येणार?" हे रोजचं. ती बिचारी तास तास पाजत बसायची. मूल दोन घोट घेऊन झोपायचं, उठून पुन्हा रडायचं. तिची छाती दगडासारखी भरलेली असायची आणि शेकायला गरम फडकं मीच द्यायचे. दुधाने भरलेली बाई समोर बसलीय आणि मी म्हणते दूध नाही. माझ्या सासूने मला हेच ऐकवलं होतं.

त्या हॉस्पिटलात बायकांना अंगावर पाजायला शिकवणारी एक बाई होती. तेवढंच तिचं काम. मला आधी हसू आलं, याला काय माणूस ठेवायला लागतं? ती आली आणि अर्धा तास नुसतं पाजणं बघत बसली. मग सुनेला म्हणाली, ऐक, गिळल्याचा आवाज नाही, नुसतं टक टक वाजतंय. तिने बोट घालून पोरीचा वरचा ओठ उलटा करायला बघितलं. ओठ वर जाईना. आतून एक जाड पांढरी दोरी ओठाला धरून होती, थेट हिरडीच्या कडेपर्यंत.

सून मला मराठीत सांगायला लागली. मी म्हटलं, "ती दोरी मी पहिल्याच दिवशी पाहिलीय."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"त्यात काय बोलायचं? तुझ्या नवऱ्याला तशीच आहे."

खरंच तशीच होती. मुलाच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, आणि फटीचे दात नशीबवान, असं आमच्याकडे म्हणतात. नातीचं तोंड पुसताना दोरी दिसली तेव्हा मला आनंदच झाला होता. बापावर गेली म्हणून.

त्या बाईने सुनेला विचारायला लावलं, "तुमचा मुलगा अंगावर पीत होता का?"

नव्हता. पंधराव्या दिवसापासून तो बोंडल्यावर वाढला. मला दूध नाही, असं घरात ठरलं आणि मीही ते मानलं.

डॉक्टर घाई करणारे नव्हते. म्हणाले, अशी दोरी पुष्कळ मुलांना असते, बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो, आधी पाजताना धरायची पद्धत बदलून बघू. सून पंपाने दूध काढायची आणि मी ते बोंडल्याने पाजायचे. चोचीचं ते छोटं भांडं मी गावाहून आणलं होतं. शिकवणाऱ्या बाईने ते हातात फिरवून विचारलं, "हे कुठे मिळतं?" सून म्हणाली, "सासूच्या बॅगेत." बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

वजन चढलं, पण अंगावर पिणं काही जमेना. मग त्या बाईनेच मुलांच्या दातांचा एक डॉक्टर शोधून दिला. त्याने ओठाला बधिर करणारं औषध लावलं. डोकं मी धरलं, कारण मुलगा पांढरा पडला होता. कात्रीने एकदाच कापलं. थेंब दोन थेंब रक्त आलं आणि पोरगी अशी ओरडली की बाहेरची माणसं बघायला लागली. मला फार बरं वाटलं.

लगेच काही प्यायला लागली नाही. कापलेलं पुन्हा चिकटू नये म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा ओठ वर उचलायचा होता. ते काम माझ्याकडे आलं. मालिश करणारी म्हणून मी तिची आवडती होते, आता मला बघितलं की रडायची. आठव्या दिवशी सुनेने हाक मारली, "आई, इकडे या, ऐका." घट घट आवाज येत होता. ओठ बाहेर वळला होता.

मी म्हटलं, "मी चुकले. तुला उगाच बोलले."

"असू दे. लाडू राहिलेत का?"

"चार."

"द्या सगळे."

सून चांगली निघाली, मला परत पाठवलं नाही. आणि ती शिकवणारी बाई. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण तिने आमच्यातल्या कुणालाही दोष न देता पोरीचा ओठ उचलून पाहिला. तिचे उपकार मी विसरले नाही. मला अंगावरचं दूध होतं, हेही मला साठी उलटल्यावर तिच्यामुळे कळलं.

माझ्या पहिल्या मुलीला दोरी होती की नाही, ठाऊक नाही. तिचा ओठ कुणी उचलून पाहिला नव्हता. ती गेली. मुलगा जगला. नात जगली.