नावामागची सावली

डीटीपीवाल्या मित्रांनो, आज श्रीरामपुरात माझी मान खाली गेली.

बेलापूरच्या एका आजोबांच्या बायकोच्या दशक्रियेच्या पत्रिका केल्या. नवीन सॉफ्टवेअर शिकलोय म्हणून तिच्या नावामागं मऊ सावली टाकली. स्क्रीनवर झकास दिसली, छापल्यावर नुसता काळपट डाग!

दुपारी आजोबा न्यायला आले. वरची पत्रिका बघून म्हणाले, "माझाच घामाचा हात लागला वाटतं. नाव फिसकटलं बघा तिचं."

त्यांनी धोतराला हात पुसले, दुसरी घेतली. तीही तशीच.

चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ऊन लई हाय ना, आजोबा."

"व्हय," म्हणत ते गठ्ठा घेऊन गेले.

आता नव्या छापून बेलापूरला निघालोय. त्या हातांत पत्रिका देताना काय म्हणू, सांगा.