तीन भिंती आणि एक शून्य

तिसऱ्या भिंतीमागची माती खाली बसत होती, आणि ती का बसते हे मला कळत नव्हतं. ही खरी माती नव्हे. ही कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधली माती. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचं डिझाइन त्या दिवशी पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. त्यात नापास झालो तर वर्ष जाणार होतं.

मी आंधळगावकडच्या एका खेड्यातला. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. डिझाइनसाठी मी आमच्याच गावातला उतार निवडला होता, खाली तलाव आणि वर टेकडी. उतारावर माती धरून ठेवणाऱ्या तीन दगडी भिंती आहेत. सर्वांत वरच्या टप्प्यावर आरोग्य उपकेंद्र बांधायचं आणि खालच्या रस्त्यापासून तिथपर्यंत रॅम्प न्यायचा, असं ठरवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बाबांनी मिळून मापं घेतली. ते आकडे सांगत होते, मी वहीत लिहीत होतो. नव्वद, एकशे दहा, ऐंशी सेंटीमीटर.

सॉफ्टवेअरमध्ये जमिनीला उंचीचे बिंदू द्यावे लागतात. ते बिंदू जोडून ते स्वतःच पृष्ठभाग तयार करतं. भिंतीजवळ मात्र अडचण येते. वरची माती सरळ भिंतीतून आरपार खाली घसरते. त्यावर उपाय म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ बिंदूंच्या दोन रांगा द्यायच्या, एक वरच्या उंचीची आणि एक खालच्या. हे मी हिंदी व्हिडिओ बघून शिकलो. पहिल्या दोन भिंती उभ्या राहिल्या. तिसरीमागे मात्र टेकडी चढण्याऐवजी खड्डा पडायचा.

तीन आठवडे मी ते बिंदू पुसून पुन्हा देत होतो. सरांना विचारायची हिंमत झाली नाही. वर्गातल्या मुलांनी लहानपणापासून कॉम्प्युटर हाताळलेला. मला वाटायचं, चूक माझ्याच हातात आहे. शेजारचा मुलगा येता-जाता विचारायचा, "काय रे, तुझी टेकडी अजून बसलेलीच आहे का?" मी हसायचो. वही चुकली असेल असं एकदाही मनात आलं नाही.

त्या दिवशी दुपारी बाराला मी बाबांना फोन केला. काय विचारायचं ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. तिसऱ्या भिंतीचं माप एकदा सांगा, एवढंच म्हणालो. ते बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होते.

"पहिली कंबरभर, दुसरी वीतभर जास्त, तिसरी थोडी कमी," ते म्हणाले. "लिहून घेतलं होतं ना गा तू?"

"पण कुठून मोजली, बाबा?"

"खालच्या जागेपासून. दुसरं कुठून मोजाचं? सारं एकाच जागेहून कोण मोजते?"

खरंच, आमच्याकडे तसं कोणीच मोजत नाही. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची उंची म्हणजे खालच्या बांधीपासूनची उंची. वरचं पाणी खाली उतरतं का, एवढंच पाहायचं असतं. मीही त्याच सवयीनं लिहून घेतलं, आणि कॉम्प्युटरला ते तिन्ही आकडे रस्त्याला शून्य धरून, रस्त्यापासूनचे म्हणून दिले. वरचा टप्पा रस्त्यापासून ऐंशी सेंटीमीटर नव्हता. तो तिन्ही मिळून दोनशे ऐंशीवर होता. लहानपणापासून त्या उतारावर चढलेल्या मला हे दिसलं नाही.

मी आकडे बदलले. खड्डा भरला, टेकडी उभी राहिली. तीन आठवड्यांचं काम वीस मिनिटांत झालं, आणि मग मी रॅम्पकडे पाहिलं. माझा रॅम्प दहा मीटरचा होता. एक मीटर चढाला बारा मीटर लांबी या नियमाने आता त्याला चौतीस मीटर लागत होते, आणि तेवढी जागा मी ठेवलीच नव्हती. दारं, पायऱ्या, पाण्याची टाकी, सगळं त्या खोट्या जमिनीवर बसवलेलं होतं.

जुनी फाइल तशीच द्यावी का, असं मनात आलं. तिथे रॅम्प दारापर्यंत नीट पोचत होता. खड्ड्यावर झाडं लावली असती तर कदाचित कोणी पाहिलंही नसतं. मी दोन्ही फाइली उघडून बराच वेळ बसलो. पण त्या उताराने गरोदर बायका वर येणार होत्या. मी खरी जमीन ठेवली आणि पाचपर्यंत रॅम्प वळवायचा प्रयत्न करत राहिलो. तो दुसऱ्या भिंतीपाशी संपला.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "इथून पुढे पेशंट कुठे जातो?"

"कुठेच नाही, सर," मी म्हणालो.

मी नापास झालो. घरी सांगायला चार दिवस लावले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"माह्या सांगण्यात चूक झाली का?"

माप बरोबर होतं, चूक माझी होती, असं मी दोनदा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. ताटावर बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे पुरं साल का?"

"हो बाबा, पूर्ण."

त्यांनी मान हलवली आणि भात कालवत राहिले.