विमानाकडे पाठ करून उभी राहणारी

वहिनी सोफ्याची कव्हरं शिवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, दुसरीकडे फोमचे तुकडे, मधोमध जाड सुईचं मशीन आणि छताला टांगलेली नवऱ्याची रिमोटवर उडणारी छोटी विमानं. नवं गिऱ्हाईक आलं की तोंड उघडं ठेवून वरच बघत राहतं. मग वहिनी सांगते, "कापड खाली आहे."

नवरा स्कूटर दुरुस्त करतो. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याचं वेड घरात शिरलं ते वहिनीच्या उरलेल्या फोममधून. तिच्या गाद्यांचे कापलेले काठ त्याच्या विमानांचे पंख झाले. वर चढवायचं पातळ कापड मात्र तो तिच्याच हातून ताणून घ्यायचा. आपल्या हातून सुरकुती पडते, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

रविवारी सकाळी चार-पाच हौशी विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या माळावर जमत. मिस्त्री, औषधांच्या दुकानाचा मालक, निवृत्त झालेले गणिताचे मास्तर आणि असेच अधूनमधून येणारे एक-दोघं. माळ कसा, तर हातानं सारवल्यासारखा सपाट. कुंपणावर गंजलेली पाटी होती, इथे पतंग, फुगे, लहान विमानं उडवू नयेत म्हणून. ती आपल्यासाठी नव्हे, रिकामटेकड्यांसाठी, असं या मंडळींनी आपसात ठरवून टाकलं होतं. कारण यांची स्वतःची शिस्त होती.

शिस्त अशी, की एकाचं विमान वर असताना दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. नजर खऱ्या आकाशावर. काही येताना दिसलं की मोठ्यानं म्हणायचं, "खाली". आणि खाली म्हटलं की खाली. का, कुठे, कशाला, हे सगळं जमिनीवर आल्यावर. पहाऱ्याला माणूस नसेल तर उडवायचं नाही.

आता सांगा, विमान बघायला आलेला माणूस विमानाकडे पाठ करून किती वेळ उभा राहील? एकदा मास्तर पहाऱ्यावर होते. मिस्त्रीनं विमान उलटं फिरवलं, सगळे वाहवा करायला लागले आणि मास्तरांची मान वळली. चहाचा थर्मास घेऊन आलेल्या वहिनीनं ते पाहिलं. आधी मास्तरांच्या डोक्यावरचं आकाश पाहिलं, मग मास्तरांना असं काही झापलं की त्या वयस्कर माणसानं वर्गातल्या पोरासारखी मान खाली घातली. तेव्हापासून पहारा तिचा. तिला विमानांचं कौतुक नव्हतं, म्हणूनच ती त्या कामाला लायक होती. वर्षानुवर्षं ती नवऱ्याच्या विमानाकडे पाठ करून उभी राहिली. लोक म्हणायचे, बिचारीला काही बघायला मिळत नाही. बिचारी कसली! सगळ्यात जास्त तीच बघत होती.

मग मिस्त्रीनं मोठं विमान केलं. पंख एवढे लांब, की दारातून तिरके करून बाहेर काढावे लागत. पुढे पेट्रोलवर चालणारं इंजिन, चांगलं वजनदार. दिवसभर स्कूटरी उघडायच्या आणि जेवण झालं की हे घेऊन बसायचं. कापड चढवताना नवराबायकोचं तीनदा भांडण झालं, तिसऱ्यांदा ती जिंकली. ते उडवायच्या दिवशी औषधवाल्यानं आपल्या मेव्हण्यालासुद्धा बोलावलं होतं.

विमान वर गेलं. इंजिनाचा आवाज माळभर घुमायला लागला. मागून वाहवा, टाळ्या, मेव्हण्याच्या शिट्ट्या. वहिनी पाठ करून उभी. त्या आवाजात कानांचा काही उपयोग नव्हता. आणि नेहमीच्या दिशेला काहीच नव्हतं. तिला खटकलं ते दुसरंच. सकाळी पाठीवर लागणारा वारा आता तोंडावर येत होता. वारा फिरला की विमानं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकानं उतरतात, एवढं तिला इतक्या रविवारांत उमगलं होतं. तिनं मान डावीकडे वळवली. उन्हाच्या झळाळीत एक लहानसं विमान खाली खाली येत होतं. शिकाऊ लोक चालवतात तसलं, दोन माणसांचं.

"खाली," वहिनी ओरडली.

मिस्त्रीचं विमान ऐन उंचीवर होतं. ते नीट उतरवायला वळसा घ्यावा लागला असता आणि वळसा नेमका डावीकडूनच होता. त्यानं विचारलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. विमानाचं नाक खाली केलं आणि ते तसंच जमिनीत घातलं. इंजिन मातीत रुतलं, पंखांचे तुकडे झुडपांवर जाऊन पडले. तोवर ते लहान विमान डोक्यावरून गेलं. इतक्या खालून, की काचेमागे बसलेल्याची टोपी दिसली.

मग सगळ्यांना कंठ फुटला. मास्तर म्हणाले, वहिनी, तुमच्यामुळे वाचलो. मेव्हण्यानं तिच्या नावानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. औषधवाला सांगत सुटला, बघा, आपली पद्धत कशी अचूक आहे.

वहिनीचं डोकं तिथं फिरलं. तिनं मातीतून ते इंजिन उपसून काढलं, अजून चटके बसतील इतकं गरम, आणि पदरात धरून औषधवाल्याच्या पुढ्यात नेलं.

"हे उचलून बघा. आणि समोरून काचेवर आलं तर काय होईल ते सांगा. मला शिंक आली असती, डोळ्यात कचरा गेला असता, तर? दोन माणसांचा जीव माझ्या एका मानेवर टांगलाय, आणि तुम्ही पद्धतीच्या गोष्टी सांगताय."

औषधवाला म्हणाला, इतकी वर्षं काही झालं नाही.

"झालं नाही, कारण मी उभी होते. आता राहणार नाही."

झालं. तिनं पहारा सोडला आणि पहाऱ्याशिवाय उडवायचं नाही हा नियम तर त्यांचाच. मिस्त्री तुकडे गोळा करत होता. सगळ्यांना वाटलं, हा तरी बायकोला समजावेल. तो एवढंच म्हणाला, की तिच्या जागी दुसरं कोणी उभं राहणार असेल तर माझा हात रिमोटला लागणार नाही. घरी गेल्यावर मात्र दोन दिवस तो बोलला नाही. वहिनीनंही बोलतं करायला लाडीगोडी लावली नाही. रुसायचा हक्क त्याला होता, असं तिचं म्हणणं.

पण बंद करून हात झटकणाऱ्यांतली ती नव्हे. सोफ्याच्या गिऱ्हाइकांत एक विमानतळावर कामाला होता. त्याच्या आरामखुर्चीचं कव्हर बसवता बसवता तिनं त्याला भंडावून सोडलं आणि किती लांब गेलं की कुणाच्या वाटेत येत नाही ते काढून घेतलं. तशी एक बंद पडलेली दगडखाण तिला सापडली. तिथल्या राखणदाराशी आधी भांडली, मग त्याच्या खाटेची फाटलेली गादी शिवून दिली. विमानतळाच्या कचेरीत तीन खेटे घातले, साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर साहेब येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिली, आणि खाणीला हरकत नाही हे साहेबांच्या तोंडून घेऊनच उठली.

मास्तर तयार झाले. औषधवाला नाही. दोन बस बदलून धूळ खायला कोण जातंय, असं तो दुकानात बसून येईल त्याला सांगायचा. पुढच्या रविवारी तो बाकीच्यांना सोडून माळावर गेला, मेव्हण्याला पहाऱ्याला घेऊन.

वहिनीला कळलं तेव्हा तिच्या हातात अर्धवट शिवलेलं कव्हर होतं. तिनं ते मशीनवरच टाकलं आणि गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली खुर्ची उचलून माळावर गेली. विमान जिथून धाव घेतं त्या पट्ट्याच्या मधोमध खुर्ची मांडली आणि बसली.

औषधवाला म्हणाला, वहिनी, बाजूला व्हा. ती हलली नाही. तो म्हणाला, ही जागा काय तुमच्या बापाची आहे का.

"नाही. तुमच्याही नाही. उडवा की, मी कुठं अडवलंय? माझ्या अंगावरून न्या."

मेव्हणा हसला, मग हसायचा थांबला. ऊन चढलं. औषधवाल्यानं विमान दोनदा जमिनीवर ठेवलं, दोनदा उचललं. बायामाणसांनी मध्ये पडू नये वगैरे त्याचं बोलून झालं. वहिनी खुर्चीतली निघालेली टाचणी दाताखाली धरून बसली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडे एक मोठं प्रवासी विमान उतरायला आलं, चाकं खाली काढून, डोक्यावरून. खिडक्यांची रांगच्या रांग दिसली. औषधवाला हातातलं विमान छातीशी धरून ते पार टेकेपर्यंत बघत राहिला.

मग त्यानं पंखांचे स्क्रू काढायला घेतले. मान वर न करता म्हणाला, "दुसरी बस कुठून सुटते?"

"आधी खुर्ची उचला," वहिनी म्हणाली. "वाटेत सांगते."