कॅनडाचा आठवडा

उजव्या हाताचं एक बोट छातीपाशी उभं धरायचं, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "एक आठवडा." आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या कॅनेडियन गृहस्थांचं कुठल्याही प्रश्नाला हे पहिलं उत्तर असे. किटली बिघडली, नवी आणायची का? एक आठवडा. दोन बागांमधली हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, दोघांनी मिळून कापायची का? एक आठवडा. आम्ही लंडनमध्ये ईलिंगला राहायला आलो त्या पहिल्या रविवारी माझी बायको, सुनीता, त्यांना जेवायला बोलवायला गेली, तर तिलाही दारात तेच बोट.

ती परत येऊन म्हणाली, "अहो, जेवायला यायचं की नाही ते पुढच्या रविवारी सांगणार आहेत."

"मग भात आत्ता लावू नकोस," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी घंटी वाजली. इस्त्रीचा कोट घालून स्वारी दारात. "विचार केला. हो, येतो," असं म्हणाले आणि आतच आले. आमच्याकडे त्या दिवशी नुसती खिचडी होती. दोनदा घेतली.

मी इथे त्यांना आदराने 'ते' म्हणतो आहे. त्या काळात मनातल्या मनात 'तो म्हातारा' म्हणत असे, हे तुम्ही ध्यानात ठेवा म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यांच्या आठवड्यामागे इतिहास होता. कोणी त्यांना अमेरिकन समजलं की ते दुखावत. "अमेरिकन लढाईत नंतर आले," एवढंच म्हणत. मग सांगत की दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने लढाई पुकारली तेव्हा कॅनडाने लगेच पुकारली नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यांच्या वडिलांना कोणी विचारलंच नव्हतं. लंडनने लढाई जाहीर केली आणि कॅनडा आपोआप त्यात पडला. दुसऱ्या वेळी मात्र पार्लमेंट बसलं, लोक बोलले, भांडले आणि आठवड्याने कॅनडाने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं. "उत्तर तेच द्यायचं होतं हो," ते म्हणत, "पण आठवडा आमचा होता." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, जणू तो आठवडा त्यांच्या कोटाच्या खिशात आहे आणि कोणी मागितला तर ते काढून दाखवतील.

आता माझ्याबद्दल. आमच्या गोतावळ्यात गोष्ट सांगणारा म्हणजे मी. इल्फर्डच्या चुलतभावाकडे बारसं असो की लीड्सच्या मेहुणीकडे वाढदिवस, जेवणं झाली की पानसुपारीसारखा मला पुढे केला जाई. पोट सुटलं, केस गेले, पण ही एक गादी टिकून होती. माझी मुलगी रेवा हा माझा सर्वात जुना श्रोता. ती दहा वर्षांची होईपर्यंत मी बिनविरोध होतो.

मग तिच्या शाळेत दुसरं महायुद्ध आलं.

"बाबा, माझा टीचर म्हणाली की वर का स्टार्ट झाला ते घरी विचारा," ती म्हणाली.

मी चष्मा पुसला. दोन संध्याकाळी वाचनालयात घालवून मी तयारी केली होती. तहाची कलमं, राष्ट्रांची कर्जं, कुठल्या देशाने कुठला प्रांत गिळला, सगळं क्रमवार सांगायला घेतलं. तिसऱ्या कलमाला रेवा म्हणाली, "बाबा, मी टॉयलेटला जाऊ?" ती मागच्या दाराने गेली. आमचं टॉयलेट माडीवर आहे.

मी खिडकीतून पाहिलं. रेवाबाई हेजपाशी उभ्या होत्या आणि पलीकडून म्हातारा बोलत होता.

"पहिल्या लढाईनंतर जिंकलेल्यांनी हरलेल्या घराला भलंमोठं बिल पाठवलं. घर भिकेला लागलं. मग त्या घरातला एक मिशीवाला ओरडायला लागला, तुमची भाकरी शेजाऱ्याने चोरली. उपाशी माणसाला असलं पटकन पटतं. एके दिवशी त्याने हेज एवढीशी सरकवली." त्यांनी बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ मारली. "सगळे म्हणाले, जाऊ दे, एवढीशीच तर आहे. मग अजून एवढीशी. मग शेजाऱ्याची अख्खी बाग. तोवर जाऊ दे म्हणणाऱ्यांच्या दाराशी आला होता तो."

रेवा तोंड उघडं टाकून ऐकत होती. आणि मी खिडकीत जळत होतो. अहो, ही हेज म्हणजे आमचा बांध! माझ्या काकांनी आणि त्यांच्या चुलत्यांनी जन्मभर एकमेकांचा बांध कोरला. कोर्टात गेले, बोलायचे थांबले, पण कोरायचे थांबले नाहीत. ही गोष्ट माझी होती, माझ्या रक्तातली होती, आणि मला तहाची कलमं सुचली!

त्या दिवसापासून रेवाचा बराच वेळ पलीकडे जाऊ लागला. सुनीताही फितूर झाली. थालीपीठ केलं की पहिलं पलीकडे. "म्हातारे आहेत हो, एकटे आहेत," ती म्हणे. मी म्हातारा होऊन एकटा पडल्यावर पहिलं थालीपीठ मिळेल, असा याचा अर्थ मी घेतला.

म्हातारा काय सांगतो ते ऐकायला मी बागेत झाडांना पाणी घालू लागलो. एकदा भुरभुर पाऊस चालू असतानाही मी झारी घेऊन उभा होतो. सुनीता दारातून म्हणाली, "अहो, वरून पडतंय ते पुरेल की!"

पण मी बरंच ऐकलं. विशीचा पोरगा असताना ते पहिल्याच हिवाळ्यात बोटीतून इंग्लंडला आले आणि लढायच्या ऐवजी साडेतीन वर्षं वाट पाहत बसले. कवायत, चिखल, चहा आणि पुन्हा कवायत. "इंग्लिश माणसाला रांगेचं कौतुक, पण सगळ्यात लांब रांगेत आम्ही उभे होतो." त्या रांगेतच एका इंग्लिश मुलीला लग्नाचं विचारलं. तिने आठवडा मागितला. "तेव्हाच कळलं, हीच."

मग सिसिली, मग इटली. एका गावात रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून ते घराघरांतून गेले. मधल्या भिंतीला भोक पाडायचं, पलीकडच्या घरात शिरायचं, पुन्हा पुढची भिंत. नाताळाच्या दिवशी पडक्या देवळात टेबलं मांडून तुकड्या आळीपाळीने जेवायला आल्या. गरम जेवायचं आणि परत भिंतींकडे जायचं. "जेवताना समोर बसलेला मुलगा मला मीठ दे म्हणाला," ते म्हणाले, "संध्याकाळी मीठ होतं." एवढंच बोलून ते थांबले. झारी रिकामी झाली होती तरी मी ती तिरकी धरून उभा राहिलो.

शेवटी हॉलंड. तिथले लोक उपासमारीने ट्युलिपचे कांदे खात होते. म्हणून त्यांच्या बागेत सगळी फुलं होती, ट्युलिप नव्हता.

आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. इटलीची गोष्ट ऐकल्यापासून रेवा झोपायच्या आधी भिंतीवर दोनदा ठोके मारी. पलीकडून दोन ठोके येत. पूर्वी या वेळेला ती म्हणायची, "बाबा, गोष्ट." मी पलंगाच्या कडेशी बसून त्या ठोक्यांचा आवाज ऐकायचो.

अशात शाळेने आमंत्रण काढलं. प्रत्येक मुलाने एका दुपारी घरचं किंवा ओळखीचं एक मोठं माणूस आणायचं. त्याने युद्धाची एक गोष्ट सांगायची. एक माणूस, एक गोष्ट. मी त्याच दिवशी नवा टाय घेतला.

"बाबा, पण तू तिथे नव्हतास ना," रेवा म्हणाली.

"अगं, मी जन्मलोसुद्धा नव्हतो!"

"एक्झॅक्टली!" ती म्हणाली आणि पलीकडे विचारायला गेली. उत्तर काय आलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणजे माझ्याकडे एक आठवडा होता. मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. पुरणपोळी होती. ते दुसरी पोळी घेत असताना मी घसा साफ करून रेवाकडे बघत म्हटलं, "त्या लढाईत भारतातून कॅनडापेक्षा जास्त माणसं आली होती बरं का."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "इटलीत आमच्या डाव्या हाताला होती." मग सहज, मीठ मागावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांनी किती वेळ घेतला?"

"कशाला?"

"हो म्हणायला. आम्ही आठवडा घेतला."

मला खरं म्हणजे जिंकायचं होतं. पण तोंडातून आली ती माझ्या आजोबांची गोष्ट, जी मी वीस वर्षं प्रत्येक बारशाला सांगून बोथट केली होती. आजोबा साताऱ्याला कचेरीत कारकून. सकाळी ओसरीवर न्हाव्यापुढे बसले होते. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या तोंडाला साबण होता. न्हावी म्हणाला, "भाऊसाहेब, काल आपण लढाईत पडलो." आजोबांनी विचारलं, "आपण म्हणजे कोण?" न्हावी म्हणाला, "तुम्ही, मी आणि ही वाटी."

"व्हाइसरॉयने जाहीर केलं," मी म्हटलं. "कोणाला विचारलं नाही."

रेवा हसली, मग हसायची थांबली. म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला.

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

"माझ्या बापासारखं," ते हळूच म्हणाले. "डाव्या हाताच्या त्या पोरांना मी कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, आठवडा सगळ्यांनाच मिळाला असेल."

मला वाटलं, गादी परत आली. रेवा माझ्याकडे बघत होती, चक्क माझ्याकडे. पण सोमवारपासून म्हातारा हेजवरून एकेक प्रश्न विचारू लागला. वाटी कशाची होती? पितळेची. आजोबा खुर्चीत बसले होते? छे, पाटावर. हनुवटी वर होती? असेल, वस्तरा गळ्याशी म्हटल्यावर. मी खुशीत सगळं सांगत गेलो. दुकान लुटलं जात असताना चोराला पिशवी धरून देणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल, तर मला बघा.

आठवडा संपला आणि ते शाळेत जायला हो म्हणाले.

त्या दुपारी पालकांसाठी मुलांच्याच खुर्च्या होत्या. गुडघे कानाशी घेऊन मी शेवटच्या रांगेत बसलो. म्हातारा पदकं लावून उभा राहिला. मुलांना बंदुका हव्या होत्या. ते म्हणाले, "मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो लढाईत नव्हता. तो दाढी करून घेत होता."

मी खुर्चीतून उठलोच. खुर्चीही माझ्याबरोबर उठली.

त्यांनी बोटांनी अर्ध्या तोंडाला साबण लावला. हनुवटी वर केली. न्हाव्याचं वाक्य खालच्या आवाजात म्हटलं. मग मान तशीच ठेवून, फक्त डोळे फिरवून विचारलं, "आपण म्हणजे कोण?"

आणि थांबले.

मी त्या जागी कधीच थांबलो नव्हतो. मला पुढच्या वाटीची आणि तिच्यावरच्या हशाची घाई असे. हे थांबले ते थांबलेच. सगळा वर्ग हनुवट्या वर करून बसला होता. कुठेतरी एका मुलाने आवंढा गिळला तो मला मागे ऐकू आला. मग वाटी आली, थोडं हसू आलं, आणि ते म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला एक आठवडा मिळाला होता. त्या गृहस्थांना अर्धी दाढी."

"दॅट्स माय पणजोबा!" रेवा उभी राहून ओरडली. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "बरं सांगितलं का? गोष्ट तुमची आहे."

"होती," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. घरापर्यंत तो हात तिथेच होता. जड होता.

दोन हिवाळ्यांनी ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. कॅनडाहून एक भाची आली, तिने घर विकलं. नव्या लोकांनी हेज काढून लाकडी कुंपण घातलं. रेवाने काही दिवस भिंतीवर ठोके मारले. मग एका रात्री ती आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, पणजोबाचा गोष्ट सांग ना." मी सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ओके," आणि झोपायला गेली.

परवा इल्फर्डला चुलतभावाकडे जेवणं झाल्यावर मला पुढे केलं. मी पाटावर बसल्यासारखा बसलो, अर्ध्या तोंडाला साबण लावला, हनुवटी वर केली. "आपण म्हणजे कोण?" आणि म्हाताऱ्यासारखा थांबलो. पूर्वी याच जागी कोणीतरी चहाचा कप वाजवायचं, कोणीतरी मुलाला दटावायचं. आता कोणी हललं नाही. कोपऱ्यात बसलेली रेवा, आता पंधराची झालेली, डोळे मिटून बसली होती. मी अजून थोडा थांबलो. सगळी खोली श्वास धरून एकटक बघत होती, आणि मला नीट कळत होतं की ती माझ्याकडे बघत नाही. मी जळत जळत तसाच बसून राहिलो. वाटीवर यायची मला मुळीच घाई नव्हती.