ट्रेमधली गाठ

आमच्याकडच्या सर्जन लोकांची एक जुनी पद्धत आहे. ऑपरेशन झालं की काढलेली गाठ स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर आणायची आणि नातेवाइकांना दाखवायची. ‘ही बघा, काढली.’ नातेवाईक हात जोडतात, ट्रे आत जातो, गाठ बादलीत जाते. माझ्या ताईची गाठ मी अशीच पाहिली, शाळेच्या गणवेशात, आईला चिकटून उभी राहून.

ताईच्या मांडीत गाठ होती. पूर्णगडहून एसटीने आम्ही रत्नागिरीला आलो होतो. सर्जन म्हणाले, साधी चरबीची गाठ आहे, तपासायला पाठवायची काही गरज नाही. आईने त्यांना हात जोडले आणि मला म्हणाली, “डॉक्टर म्हणतायत म्हणजे चरबीच असंल.” वर्षभरात गाठ त्याच टाक्यांखाली परत आली, मग छातीत पसरली. ताईच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती तशीच राहिली आणि ताई गेली.

पुढे मी डॉक्टर झाले. कॉलेजात एकदा सरांनी आमच्यासमोर एक गाठ चिरली आणि म्हणाले, चरबी पिवळी असते, तेलकट असते. आतून मासळीच्या मांसासारखं पांढरट दिसलं तर सावध व्हा. मी किनाऱ्यावरची पोर, मला कोणी मासळी दाखवायला नको. ट्रेमधली ती गाठ डोळ्यांपुढे आली, सोललेल्या मुशी माशासारखी पांढरी. त्या माणसाने ती पाहिली होती, हातात धरली होती आणि बादलीत टाकली होती. पॅथॉलॉजी घ्यायचं मी त्याच दिवशी ठरवलं. लोकसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं, राग होता.

मुंबईत चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून मी मुद्दाम रत्नागिरीत लॅब काढली, त्या सर्जनच्या हॉस्पिटलापासून हाकेच्या अंतरावर. गाठ आली की तिचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रं जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. नेहमीचे कॅन्सर एवढ्यावर ओळखू येतात. दुर्मिळ असतात ते मात्र एकमेकांची सोंगं घेऊन बसतात. त्यांच्यासाठी आणखी खास रंग लावून घ्यावे लागतात, त्यासाठी मेणाचा ठोकळा मुंबईला पाठवावा लागतो.

डॉक्टरांच्या एका बैठकीत मी विनंती केली, काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवा. हेच सर्जन हसत म्हणाले, “मॅडम, आंबा हातात घेतला की कळतो. प्रत्येक आंबा चिरून बघायचा म्हटलं तर खायचा कधी?” सगळे हसले. मी विचारलं, आणि साका? रत्नागिरीत कोणाला साका समजावून सांगावा लागत नाही. वरून देखणा, घमघमणारा हापूस, आणि आत पांढरा, आंबट गोळा. चिरल्याशिवाय तो बागवानालाही कळत नाही. त्यानंतरही त्यांच्याकडून गाठ काही आली नाही.

गेल्या वर्षी आली. बाटलीवर पेशंट म्हणून त्यांचंच नाव होतं. उजव्या हाताच्या कोपराखाली थोड्याच आठवड्यांत वाढलेली गाठ, मुलाने काढली होती. मुलगाही सर्जन, पण गाठ तपासायला पाठवण्याइतका शहाणा. स्कॅन पाहून मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते की लक्षण बरं नाही, कदाचित हात काढावा लागेल. ज्या हाताला सगळं कळायचं, तोच हात.

पहिली स्लाइड लावली. लांबट पेशी, दाटीवाटीने भरलेल्या, जागोजाग दुभंगत असलेल्या. पाहताक्षणी कॅन्सरच वाटला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला. मग नीट पाहिलं आणि आनंद आटला. पेशी घाईत वाढत होत्या, पण एकही विद्रूप नव्हती, आणि त्यांच्यामधली वीण सैल होती. एक गाठ अशी असते, की हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, तशीच भराभर वाढते, पण इजा काहीच करत नाही आणि कधी कधी आपोआप विरूनही जाते. ही तीच असावी असं मला वाटलं. ह्या माणसाच्या नशिबाची मला चीड आली.

पण नुसत्या वाटण्यावर रिपोर्ट देत नाहीत. मी मुलाला कळवलं, खास रंग लावून आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ते नियमाला धरूनच होतं. मला काय वाटतंय ते मात्र सांगितलं नाही. सर्जनांचे स्वतःचे फोन यायला लागले. मॅडम, काही कळलं का? आवाजातला तोरा गेला होता. मी दर वेळी शांतपणे म्हणत होते, अजून नाही. ते दिवस मला गोड गेले.

मुंबईहून खास रंगाच्या स्लाइड आल्या, माझा अंदाज खरा ठरला. मी निरोप पाठवला, रिपोर्ट न्यायला स्वतः या. ते आले, पेशंटांच्या बाकावर बसले. मी उरलेली गाठ ट्रेमध्ये घातली आणि बाहेर आणली.

“ही बघा,” मी म्हणाले, “काढली.”

गाठ पांढरट होती. ही चरबी नाही, एवढं त्यांनाही दिसलं. चेहरा उतरला. काय निघालं, त्यांनी विचारलं. मी आधी ताईचं सांगितलं. पूर्णगड, मांडी, ट्रे, बादली, सगळं. शेवटी हळूच म्हणाले, “मला आठवत नाही.”

खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यावर मी दात धरून होते, त्याच्या लेखी ताई कधी आलीच नव्हती.

“तुमची गाठ साधी आहे,” मी म्हणाले. “हात वाचला. ही न तपासता बादलीत टाकली असती तरी चाललं असतं. तिची टाकायची नव्हती.”

त्यांनी हात जोडले. आईने त्यांच्यापुढे जोडले होते, तसेच. मी नमस्कार घेतला नाही. ट्रे उचलला आणि आत गेले.