रिकामा रस्ता

आमची अर्नेस्टीन ड्रेस्डेनच्या कारखान्यात चिनी मातीच्या कपांवर गुलाब रंगवायची. आठवडाभर गुलाब, रविवारी टेकडीवर जाऊन ढग. तेव्हा शहराला ढगांचं वेडच लागलं होतं. केस वाढवलेले चित्रकार धुक्यात उभे राहून उसासे टाकायचे आणि भूक लागली की माझ्या बेकरीत यायचे. मी तिचा थोरला भाऊ. मला या मंडळींचा भारी वैताग.

पण तिचं मोठं चित्र मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. टेकडीवर पाठमोरी बाई, समोर मावळता उजेड आणि लांबवर गेलेला रिकामा रस्ता. ती बाई म्हणजे आमची आई. त्याच रस्त्यानं वडील नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियाला गेले. पुढे कित्येक वर्षं आई रोज तिथे जाऊन उभी राहायची आणि आम्ही तिच्या मागे. ते तिकडेच वारले, हे तिनं कधी मान्य केलं नाही. विधवेचे काळे कपडेही घातले नाहीत.

शरदातल्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणाऱ्या साहेबांना पाठमोरी बाई आवडली. असल्या आकृत्यांची तेव्हा चलतीच होती. रस्ता मात्र खटकला. घरी परतणारा एक शिपाई त्यावर काढा, म्हणाले, लगेच टांगतो.

"अगं, अंगठ्याएवढा शिपाई," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

"बाबा आले नाहीत, दादा."

चित्र परत आलं. पुढच्या वर्षी तिनं तेच नेलं, तेच परत आलं. घरात आईनं ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. "काढ की गं बापाला," ती म्हणायची, "रंग संपले का तुझे?" अर्नेस्टीन कामाला निघून जायची. मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटायचा.

तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, मीही येते. आता ही साहेबांकडूनच अर्नेस्टीनला शिपाई काढायला लावणार, असं मला वाटलं. साहेबांनी जुनंच तुणतुणं वाजवलं. अर्नेस्टीन चित्र उचलायला वाकली. आई मात्र चित्रासमोरून हलेना. नीट असं ती ते पहिल्यांदाच पाहत होती, आणि आम्ही दोघं पुन्हा तिच्या पाठीशी उभे होतो.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "तिथे मी उभी होते. रस्ता रिकामाच होता."

चित्र लागलं, दाराजवळ, फुलांच्या चित्रांच्या रांगेत. रविवारी चर्चला निघताना आई काळे कपडे घालून बाहेर आली.