भिंगाला लावलेली हळद

आमच्या लॅबच्या मालकांना यंत्रापेक्षा यंत्राची पूजा जास्त समजते. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आला तेव्हा त्यांनी माहितीपुस्तिका उघडली नाही, कॅलेंडर उघडलं. खंडेनवमी जवळ आली होती. "तोवर झाकून ठेवा. त्या दिवशीच उद्घाटन."

मी तिथला पॅथॉलॉजिस्ट. पन्नाशीला टेकलेला, आणि सगळी नोकरी 'बघू' आणि 'बरं' यांवर काढलेला. म्हणालो, "बरं."

खरं तर मायक्रोस्कोपखाली बघायची एक काच, म्हणजे स्लाइड, तयार होती. वैजापूरच्या एका बाईंच्या छातीतल्या गाठीची. नवरा गेल्यावर मार्केट यार्डातली कांद्याची आडत त्या एकट्या चालवायच्या. एक खास औषध त्यांना द्यायचं की नाही, हे या काचेवर ठरणार होतं आणि तोवर पुढचे उपचार थांबले होते.

चाचणी करायला किचकट, समजायला सोपी. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा. चमकणारा रंग जोडलेले डीएनएचे तुकडे त्यावर सोडायचे. ते पेशीतल्या डीएनएमध्ये आपापली जागा शोधून चिकटतात. मग अंधाऱ्या खोलीत ठरावीक प्रकाश टाकला की निळ्या केंद्रकात हिरवे आणि लाल ठिपके दिसतात. हिरवे तुलनेसाठी, लाल म्हणजे गाठ वाढवणारं जनुक. लालांची गर्दी असेल तर औषध लागू पडतं, नसेल तर नाही. पथ्य एकच: हे रंग बघता बघता विझतात. झटपट मोजायचं, फोटो घ्यायचे, दिवा बंद.

मी मालकांना म्हणालो, "पूजेआधी एवढी एक काच बघून घेतो."

"पूजेआधी? डॉक्टर, शिकलेसवरलेले ना तुम्ही? आणि हे बघा, पाहुण्यांना रिकामी काच दाखवू नका. तीच लावा."

नको म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी काच लावली.

शहागंजातून झेंडूच्या माळा आल्या. नारळ मशीनवरच फोडायचा विचार होता, तो कसाबसा उंबऱ्यावर गेला. मग मालकांनी हळदीचं बोट सगळीकडे टेकवलं: बुडाला, डोळा लावायच्या दोन्ही नळ्यांना, आणि भक्तिभावानं अगदी खाली, तेलाच्या थेंबात बुडणाऱ्या भिंगालाही. हळद तेलात उतरते आणि त्या प्रकाशात हिरवी चमकते. मला हे माहीत होतं. मी डोळा लावला, तर आत हिरवंगार.

मालक मला बाजूला सारून वाकले. "अरे देखो, क्या चमकतंय! हेच ना डीएनए, डॉक्टर?"

मी मान हलवली. पाहुण्यांसमोर हळदीला डीएनए म्हणणारा मराठवाड्यातला पहिला पॅथॉलॉजिस्ट मीच असेन.

मग दर्शनाची रांग लागली. मालकांचे सासरे डोळा काढेचनात. "डीएनए म्हंजे खानदानच की. मंग कूळ बी दिसत असंल?"

"दिसतं ना, मामा! नीट बघा," मालक म्हणाले.

वॉर्डातले एक पुढारी म्हणाले, "आमच्या त्या विरोधकाला आना एकदा हिच्याखाली. लई सांगतो खानदानाचं."

सगळे हसले. मीही हसलो. दिवा जळतच होता.

मंडळी जिलबीकडे वळल्यावर मी तेल पुसलं, भिंग साफ केलं, नवा थेंब टाकला. हळद गेली. खाली फिकट निळी केंद्रकं उरली होती. लाल नाही, हिरवं नाही. बाईंचे ठिपके पाहुण्यांनी बघून संपवले होते. सुईनं काढलेला तुकडा मुळातच बारीक. तो ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवून काप घेतले, त्यात आता नुसतं मेण उरलं होतं.

मालक बडीशेप चघळत म्हणाले, "नमुना अपुरा, असं लिहा की. खोटं कुठंय? आता अपुराच आहे."

वाक्य हुशारीचं होतं. पटलंही, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा ते माझ्या जिभेवर तयार होतं.

"काय म्हनतीय माझी गाठ, डॉक्टर?"

"ताई, नमुना जरा अपुरा..."

"अपुरा? सुई टोचली तवा तर म्हनले, झ्याक आलाय. मंग तुमच्याकडं येऊन आटला व्हय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कांद्याच्या गोणीत खालचा माल कसाय ते वरून ओळखणाऱ्या नजरेनं. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पूजा, हळद, रांग, माझी हललेली मान. सांगताना कळत होतं, या मानेपायी त्यांच्या अंगात पुन्हा सुई जाणार आहे.

त्या म्हणाल्या, "म्हंजे माझ्या गाठीचं हळदीकुंकू केलं तुमी. अन् मलाच बोलावनं नाय. विधवा म्हनून गाळलं व्हय?"

मी नव्या तपासणीचा कागद पुढं ओढला.

"पुन्हा टोचायचं म्हना की."

"हो, ताई. चूक आमची."

"टोचा. पर या बारीला मी बघनार. तुमचे पाव्हने नाय."

"आधी मी मोजतो. मग फक्त तुम्ही."

मालकांना मी सांगितलं की बाईंना सगळं खरं सांगितलंय, आणि नव्या तपासणीचे पैसे त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत. ते माझ्याकडे बघतच राहिले. "डॉक्टर, तुम्हाला बोलता येतं?"

नवी काच आली तेव्हा माळा वाळून भिंतीला लटकत होत्या. मी मोजलं, फोटो घेतले, मग बाईंना अंधाऱ्या खोलीत बोलावलं. स्टूल पुढं ओढून, पदर सावरून त्यांनी डोळा लावला.

"हे लाल लई दिसतेत."

"लई आहेत. म्हणूनच ते औषध तुम्हाला लागू पडेल. रिपोर्टमध्ये तेच लिहितोय."

त्यांनी डोळा काढला नाही. सवयीनं माझा हात दिवा बंद करायला बटणाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "इझू द्या मेल्यांना."